विषय: एफ४०५ च्या नावाखाली एफ४११ चा फ्लाइट कंट्रोलर पाठवल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

तुमच्या साइटवरून मागवलेला फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा सर्किट बोर्ड) लातूरला मिळाला. खोक्यावर ‘एफ४०५’ हे चिपचं नाव छापलंय, बिलावरही तेच. आतला बोर्ड मात्र एफ४११ या दुसऱ्या चिपचा निघाला.

सोल्डरिंगला हात घालण्याआधी मी बोर्ड यूएसबीवर लावून बघतो. बोर्डवर चालणाऱ्या बीटाफ्लाइट या फर्मवेअरच्या सीएलआयमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘स्टेटस’ टाकलं, तर एमसीयूपुढे, म्हणजे मुख्य चिपपुढे, एफ४११ आलं. टॉर्च तिरपा धरून भिंगातून चिप पाहिली, तिच्यावरही तेच. दोन्हीचे फोटो आणि बिल सोबत जोडलंय.

तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘सर, दोन्हीवर बीटाफ्लाइट चालतं, काही फरक पडत नाही.’ पडतो. एफ४०५ ला १ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), एफ४११ ला ५१२ केबी. माझा जुना बोर्ड एफ३ या जुन्या चिपचा. फ्लॅश अपुरी पडली म्हणूनच बीटाफ्लाइट ४.१ पासून त्याला नवं फर्मवेअर मिळेना. परत तसल्याच अडचणीत कशाला पडू?

त्याहून मोठा प्रश्न युआर्टचा, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या पोर्टचा. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, व्हिडिओ पाठवणारा डिजिटल व्हीटीएक्स आणि जीपीएस, तिघांनाही स्वतंत्र युआर्ट लागतो. या बोर्डवर दोनच बाहेर काढलेत. जीपीएस लावला तर व्हीटीएक्सला युआर्ट उरत नाही, मग व्हिडिओ बघायच्या गॉगलमध्ये बॅटरीचं व्होल्टेज दिसणार नाही. आणि जीपीएस मला हवाच. आमच्याकडे उडवायचं ते शिवारात. सिग्नल तुटून क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) उभ्या उसात पडलं की हाती लागत नाही. सिग्नल तुटल्यावर क्वाड परत आणणाऱ्या जीपीएस रेस्क्यूसाठीच तर हा सगळा खर्च केला.

‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे तुमचं दुसरं उत्तर. एकाही पॅडला सोल्डर लागलेलं नाही, फोटोत बघा. मुळात वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.

मला खरा एफ४०५ बोर्ड द्या, नाहीतर कुरिअरसकट पूर्ण पैसे परत करा. आणि उरलेला माल तपासा. इथली कॉलेजची पोरं पैसे साठवून हेच बोर्ड घेतात. सीएलआय उघडून बघायचं त्यातल्या किती जणांना सुचेल? त्यांची फसवणूक मला माझ्या नुकसानीपेक्षा जास्त लागते.

मुदतीत निवारण झालं नाही, तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती राहत्या जिल्ह्यात करता येते.

कळावे,
आपला ग्राहक,
लातूर