आहेर, उसनवार आणि पोस्टातली ठेव

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आत्याच्या मुलाला दुकानासाठी दोन लाख द्यायला पोस्टातली दहा लाखांची ठेव मोडायचं घाटतंय, असं कळलं. मदत करू नका असं म्हणत नाही. बहिणीला ‘नाही’ म्हणणं बाबांना जमायचं नाही, हे आत्याही जाणून आहे. पण पैसे त्या खात्यातून काढू नका.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत लागतील तेवढेच काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं असेल पण दोन पुरी नसतील तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापतात. नंतर एक टक्का. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे २०,५०० थांबतील. आपलं नात्यागोत्याचं सगळं त्यावरच तर निभतं: जुलैचं व्याज गणपतीला गावी, ऑक्टोबरचं दिवाळी-भाऊबीजेला, एप्रिलचं लग्नसराईला. मुदत संपल्यावर पुन्हा गुंतवाल तेव्हा दोन-दोन लाखांची पाच खाती काढा. एक मोडलं तरी चार चालू राहतील.

दोन लाख बँकेतल्या साध्या एफडीतून द्या, तेही खात्यावरूनच. वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीने उसनी घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. रक्कम, तारीख आणि हप्ता लिहून दोघांच्या सह्या घ्या. आत्याच्या घरावर दावा कोण लावणार म्हणा! पण लिहिलेलं असलं की दोन वर्षांनी दोन्ही घरांना आकडा एकच आठवतो.

त्याने बँकेचं कर्ज काढलं तर त्याला जामीन मात्र राहू नका. ‘नुसती सही हवी’ म्हणतील. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक आधी त्याला न गाठता थेट बाबांकडे येऊ शकते.

आई, तुझ्या आहेराच्या वहीत कोणी काय दिलं ते आहे, आपण काय दिलं ते नाही. म्हणून परतफेड अंदाजाने होते, आणि अंदाज नेहमी वरचाच. ५०१ आलेल्या घरी ११०१ जातात, मग तेही पुढच्या कार्याला वाढवतात. समोरच्या पानावर आपला आकडा लिहीत जा. आलेल्या साड्याही नावानिशी लिही, नाहीतर ज्यांची त्यांनाच परत जाते.

शनिवारी येतो. तोवर पोस्टाच्या कुठल्याही फॉर्मवर सही नको. पासबुक तेवढं काढून ठेवा, खातं उघडल्याची तारीख बघायची आहे.

तुमचा,
बाळू