नातीच्या बोलण्याविषयी मित्रास पत्र

वेंगुर्ले

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

नात दोन वर्षांची झाली तरी पाच-सहा शब्दांपलीकडे जात नाही, आणि ‘तिचा बापही उशिराच बोलला’ यावर घरात सगळ्यांचे समाधान आहे, असे तू लिहिलेस. मुलांचा डॉक्टर म्हणून मला ते समाधान पटत नाही.

शेजारच्या नातवाप्रमाणे तिच्याही वयातून दोन महिने वजा करण्याचा तुझा हिशेब इथे लागू नाही. ती सवलत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांची, तीही साधारण दोन वर्षांपर्यंतच. हिचे दिवस पूर्ण भरले होते, तरी वजन १ किलो ९०० ग्रॅमच होते. सूनबाईंचा रक्तदाब वाढल्यामुळे वारेतून (आईकडून गर्भाला रक्तपुरवठा पोहोचवणाऱ्या अवयवातून) मिळणारे पोषण आणि प्राणवायू कमी पडले. अशा वेळी गर्भ आपले रक्त इतर अवयवांकडून मेंदूकडे वळवतो, आणि म्हणून ‘मेंदूला काही झालेले नाही’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु हे संरक्षण अपुरे असते, आणि अशा मुलांमध्ये भाषा मागे पडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. सगळ्यांच्याच बाबतीत तसे होत नाही, हेही खरे. तिचे वजन आता भरून निघाले, याचा आनंद आहेच, पण त्यावरून बोलण्याचा अंदाज बांधता येत नाही.

मे महिन्यात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ‘चपला हाड गो’ म्हटल्याबरोबर ती मागल्या दारातून नेमक्या आजीच्या चपला घेऊन आली. म्हणजे समज चांगली आहे, आणि मला ते मोठे आशेचे लक्षण वाटते. फणसाचा गरा हवा होता तेव्हा मात्र तिने वहिनींचा पदर ओढून नुसते ‘अं अं’ केले, आणि गरा हातात आला. शब्दाची गरजच पडली नाही. तिथे क्षणभर थांबून ‘गरो होयो?’ असे विचारावे, तिच्या तोंडाकडे पाहावे, आणि कसलाही आवाज आला तरी दाद द्यावी. जेवताना मोबाईल समोर धरणे बंद करा. मालवणी ऐकून मूल गोंधळेल ही सूनबाईंची भीती निराधार आहे. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही, तेव्हा घरात खुशाल मालवणीत बोलावे.

मात्र या सगळ्याआधी कान तपासून घे. हाकेला वळते एवढ्यावर विसंबू नकोस, कारण थोडेसे कमी ऐकू येणे किंवा एकाच कानाने ऐकू येणे घरात लक्षात येत नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. ती नसेल तर तपासणी करावी, वाट पाहू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि विकासातला विलंबही पाहते. पण त्या फेरीसाठी थांबू नकोस, याच आठवड्यात अंगणवाडीताईंना भेटून पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागून घे.

कानांचा अहवाल मिळाला की त्याचा फोटो पाठव. वाचा-उपचारांचे पुढे मी पाहतो. वहिनींना नमस्कार.

कळावे,
तुझा वर्गमित्र