झोप कुठे संपते, ध्यान कुठे सुरू होतं: बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. पतंजलींच्या योगसूत्रांच्या वर्गात समोरासमोर आभार मानले की तुम्ही 'पुढचं सूत्र काढा' म्हणून मोकळ्या होता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

डोळे मिटून बसल्यावर कधी कधी सगळं शांत व्हायचं, वेळेचं भान सुटायचं. हे काय आहे, असं विचारलं की कुणी हात जोडायचं, कुणी हसायचं. तुम्ही मात्र सरळ उलटतपासणी घेतलीत. मान खाली गेली होती का? जप नेमका कुठे सुटला? उठल्यावर अंग जड होतं की मन लख्ख होतं? मग योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, म्हणजे भागातलं, दहावं सूत्र वाचायला लावलंत: 'अभावप्रत्ययालम्बना वृत्तिर्निद्रा', काहीच नसल्याच्या जाणिवेवर टेकलेली वृत्ती म्हणजे झोप. झोपही वृत्तीच, म्हणजे चित्तातली एक हालचाल; प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवरची कल्पना), स्मृती यांच्याच पंक्तीतली. आणि पतंजलींचा योग म्हणजे वृत्तींचा निरोध, त्या सगळ्याच शमणं. तेव्हा विचार थांबले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पेंगुळलेलं मनही गप्पच असतं की!

धारणा, ध्यान, समाधी हे तीन वेगळे धडे नाहीत, हेही तुमच्याकडेच उमगलं. नाकपुडीच्या कडेला आत येणाऱ्या श्वासाचा गार स्पर्श लागतो, तिथे मन बांधायचं, ही धारणा. तोच प्रत्यय, म्हणजे तीच जाणीव, मध्ये खंड न पडता वाहू लागला की ध्यान. आणि 'मी ध्यान करते आहे' ही नोंदही गळून नुसता तो स्पर्शच उजळून राहिला की समाधी. तीही सबीजच, म्हणजे कशाचा तरी आधार उरलेलीच, हे सांगायला तुम्ही विसरला नाहीत.

सगळ्यात मोठं ऋण मात्र आनंदाबद्दलचं. संप्रज्ञात, म्हणजे अशा आधाराने लागणाऱ्या समाधीच्या वर्णनात वितर्क (स्थूल विषयावरचं चिंतन), विचार (सूक्ष्म विषयावरचं), आनंद आणि अस्मिता (मीपणाची जाणीव) असा क्रम येतो. आनंद तिसरा! त्याच्यापुढेही 'मी आहे' एवढी बारीक गाठ शिल्लक राहतेच. आत्मसाक्षात्कार म्हणजे परमानंद, असं सर्रास बोललं जातं. मला ते आता घाईचं वाटतं. निर्मळ, प्रकाशमान झालेलं चित्तसुद्धा दिसणारंच आहे, बघणारा नव्हे. हा भेद स्पष्ट दिसणं म्हणजे विवेकख्याती. शेवटी तीही वृत्तीच, म्हणून तिच्याबद्दलही वैराग्य. मग द्रष्टा, तो बघणारा, आपल्या स्वरूपात राहतो. नवीन काही मिळवत नाही.

इथे वर्गातली वेदान्ती मंडळी हमखास उसळायची. सांख्य-योगात पुरुष, म्हणजे हे बघणारे, अनेक; तिकडे वेदान्तात ब्रह्म एकच. तुम्ही दोन्हींची खिचडी होऊ दिली नाहीत. 'आधी पतंजली काय म्हणतात ते नीट ऐका, भांडण नंतर,' हे तुमचं वाक्य मी घरीही वापरते.

आणि कुणी दिव्य प्रकाश वगैरे सांगू लागलं की तुमचा ठरलेला प्रश्न: 'बरं, हल्ली राग किती वेळ टिकतो?' त्यावर वर्गात जी शांतता पसरायची, तीही वृत्तीच असणार!

सध्या चौथ्या पादात अडकले आहे. विवेकख्यातीतूनही काही मिळवायची इच्छा न धरणाऱ्याला धर्ममेघ नावाची अगदी वरची समाधी लाभते, असं सूत्र आहे. पण मुक्तीची इच्छा नसती तर तो इथवर आलाच कशाला असता? सवडीने सांगा. घाई नाही, पण वाट बघते आहे.

आपली विद्यार्थिनी