दंड भरला म्हणजे केस मिटली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या की आमच्या तालुका कोर्टाच्या आवारात एकच सल्ला ऐकू येतो: ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ मुकादमाची उचल घेतलेली असते. पुढचे पाच-सहा महिने कारखान्यावर जाणार आणि तारखेला गैरहजर राहिले की वॉरंट निघणार. म्हणून बांधावरच्या मारामारीतला, पत्त्याच्या अड्ड्यावर सापडलेला किंवा दारूच्या केसमधला माणूस हजार-पाचशे भरून घरी जातो.

तो मोकळा झालेला नसतो, दोषी ठरलेला असतो. आणि कबुलीवर दोषी ठरल्यास त्याविरुद्ध अपीलही चालत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढेच वरच्या कोर्टात मांडता येते.

याचे चटके नंतर बसतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १४ पाहा. दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेल्याला, दंड कितीही किरकोळ असो, पाच वर्षे सदस्य होता येत नाही. शासनाने मुदत कमी केली तरच सुटका. इतर गुन्ह्यांत सहा महिने किंवा अधिक कैद झाली असेल तर सुटल्यापासून पाच वर्षे. उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या टेबलावर विरोधी पॅनेलने निकालाची नक्कल ठेवली की मगच हे कळते. विधानसभा-लोकसभेला बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांच्या शिक्षेची अट आहे. तिथे अपात्रता सुटकेनंतर आणखी सहा वर्षे राहते.

नोकरीचे दुखणे याहून मोठे. पोलीस भरतीत मैदान मारलेला, लेखी पास झालेला पोरगा साक्षांकन नमुन्यात (स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) ‘कधी अटक, खटला, दंड किंवा शिक्षा?’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहितो, कारण कुणीतरी सांगितलेले असते की दंडाची केस धरत नाहीत. पडताळणीत ती निघते, आणि मूळ केसपेक्षा माहिती दडवल्याचा ठपका जड जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की किरकोळ प्रकरण दडवले असेल तर नियुक्ती करणाऱ्याला ते माफ करता येते. करता येते, करावेच लागते असे नाही. खरे लिहूनही निवड होईलच याची हमी नाही, पण खोटे लिहून हातची नोकरीही जाते.

वाटा आहेत, पण त्या निकालाआधी धराव्या लागतात. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी (भारतीय न्याय संहितेची कलमे ११५(२), ३५२, ३५१(२)) आपसात मिटवता येतात. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. दोन्ही भाऊ बांधावर पुन्हा बोलायला लागलेले असताना एकाने कबुली देणे म्हणजे शुद्ध नुकसान. कुऱ्हाड-विळा वापरल्याचे कलम लागले असेल तर तालुका कोर्टात तडजोड चालत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो.

गुन्हा सिद्ध होणारच असेल तर परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ चे कलम ३ किंवा ४ मागा. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीला (दोषी ठरण्याला) चिकटलेली अपात्रता लागत नाही. आधीच सरकारी नोकरीत असलेल्याची खात्याची कारवाई मात्र याने टळत नाही. हा अर्ज तोंडी करून भागत नाही. लेखी द्या, आणि आदेशात कलम ३ किंवा ४ आणि कलम १२ यांचा उल्लेख करवून घ्या. नाहीतर वर्षांनंतर कार्यालयातला कारकून फक्त ‘दोषी’ हा शब्द वाचतो. अपिलातही असाच घोळ होतो. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणून लोक पेढे वाटतात, पण दोषसिद्धीला स्थगिती हा वेगळा अर्ज आहे आणि तो सहज मंजूर होत नाही.

वकील परवडत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील आरोपी यांना तालुका विधी सेवा समितीकडून तो मोफत मिळतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती. लोकअदालतीनंतर ‘इतकी प्रकरणे निकाली’ असा आकडा आपण छापता. त्यात तडजोडीची किती आणि गुन्हा कबुलीची किती, हे वेगळे विचारून छापावे.

आपले,
फौजदारी वकिली करणारे काही जण, अंबाजोगाई (जि. बीड)