भुंगेऱ्याची दखल अर्ध्याच वाक्यात?

मा. संपादक,
स. न.

परवाच्या अंकातली लिलावाची बातमी वाचून राग आला. व्हिक्टोरियन काळातला भुंगेऱ्याचा ब्रोच. मथळ्यात किंमत, चौकटीत किंमत, शेवटी पुन्हा किंमत. सोने किती, हिरे कुठे बसवलेत, सगळे आले. ज्या जिवामुळे त्या ब्रोचला भाव, त्याला मात्र अर्धे वाक्य, ‘खड्यासारखे दिसणारे कीटकाचे कवच’!

इतक्या वर्षांनीही रंग टिकला याचे आपल्या प्रतिनिधीला नवल वाटले. हा रंग कशाने रंगवलेला नसतो हो. अशा भुंगेऱ्यांच्या पंखांवरच्या टणक आवरणात कायटिनचे, म्हणजे कीटकांचे कवच ज्याचे बनते त्या पदार्थाचे, अतिशय पातळ थर असतात आणि त्यांवरून प्रकाश परतताना ती हिरवी-निळी झळाळी दिसते. थर शाबूत तोवर रंग शाबूत. एखाद्या कीटकतज्ज्ञाला फोन केला असता तरी कळले असते.

दुसरे म्हणजे, ही कल्पना विलायतेतल्या सराफांनाच सुचली असा बातमीचा सूर आहे. आपल्याकडचे कारागीर सोनपाखरांचे, म्हणजे अशाच चमकत्या भुंगेऱ्यांचे, पंख मलमलीवर जरीत गुंफत होते, तो माल जहाजाने तिकडे जात होता. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन हिने घातलेला मोरपिशी झगा आठवा. जरीकाम दिल्लीचे, शिवण पॅरिसची आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात सोनपाखराचा पंख. पाहणाऱ्यांना ते पाचू वाटले. झगा आज इंग्लंडमध्ये कर्झन घराण्याच्या केडलस्टन हॉल या वाड्यात आहे.

मी हे इतक्या तळमळीने लिहिते, कारण आमच्या घरात असा एक बटवा होता. आजीचे माहेर हैदराबादचे, तिकडूनच तो आलेला. जांभळी मखमल, त्यावर जरीची वेल आणि वेलीला पानांच्या जागी पंख. प्रत्येक पंखाला टोकाशी सुईचे बारीक भोक, त्यातून टाका घातलेला. बटवा तिरपा धरला की हिरवा रंग निळ्याकडे झुकायचा. आजी गेल्यावर एका संस्थेने जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनासाठी तो मागून नेला. मी पाहायला गेले तर खाली चिठ्ठी, ‘काचेच्या टिकल्यांचे काम’. तिथल्या बाईंना सांगितले, हे पंख आहेत, चिठ्ठी बदला. त्या म्हणाल्या, “एवढं कोण वाचतंय?” चिठ्ठी शेवटपर्यंत तीच राहिली. बटवा परत आला तेव्हा वेलीची एक बाजू पार चुरडली होती, वर कसले तरी जड सामान ठेवले असणार. काच समजणाऱ्यांनी पंखांची काळजी का घ्यावी? माझ्या आईने ते तुकडे कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. तसे जोडणारा कारागीर आम्हाला अजून सापडलेला नाही. म्हणून म्हणते, कारागीर आणि कीटक वगळून केवळ आकडा छापू नका. वाचणाऱ्याच्या घरीही असे काही पेटीत पडलेले असेल, आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक नसेल.

जाता जाता आणखी एक. मुलांच्या पुरवणीत कीटकांवर छान सदर येत असे. माझी नात ते कापून वहीत चिकटवायची. ते काही न सांगता बंद झाले आणि त्या जागी मोबाइल गेमची माहिती येऊ लागली. मी तेव्हाही पत्र पाठवले होते. उत्तर आले नाही.

आपली,
एक जुनी वाचक
छत्रपती संभाजीनगर