पेशी वाढवणारी गोळी आणि दुधाचा पेला

महोदय,

पावसाळ्यात डेंग्यूच्या बातम्या येऊ लागल्या की 'पेशी कमी झाल्यात, ती एल्ट्रोम्बोपॅगची गोळी द्या' असे म्हणत नातेवाईक थेट औषध दुकानात येतात. ती डेंग्यूची गोळी नव्हे. डेंग्यूत ताप उतरल्यावर प्लेटलेट्स (म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या याच पेशी) काही दिवसांत आपोआप चढतात, आणि या गोळीचा परिणाम दिसायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. ती मुख्यतः आयटीपीच्या (इम्यून थ्रोम्बोसायटोपेनियाच्या) रुग्णांची. या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारते आणि अस्थिमज्जेतले उत्पादनही पुरे पडत नाही.

मज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या प्लेटलेट्स बनवणाऱ्या मोठ्या पेशींवर थ्रोम्बोपोएटिन या संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारा भाग, असतो. याच आजारावरचे रोमिप्लोस्टिमचे आठवड्याचे इंजेक्शन त्याच्या बाहेरच्या भागाला चिकटते. एल्ट्रोम्बोपॅग पेशीच्या आवरणात रुतलेला भाग धरते. पेशीला संदेश एकच मिळतो: वाढ, प्लेटलेट्स सोड.

पण गोळी मज्जेपर्यंत पोहोचली तर! कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम तिला आतड्यातच बांधून टाकतात. दुग्धजन्य पदार्थांच्या न्याहारीसोबत घेतली तर शोषण सुमारे ५९ टक्क्यांनी घटते, ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधासोबत ७० टक्क्यांनी. सोबतच्या खाण्यात कॅल्शियम ५० मिलिग्रॅमच्या आत हवे. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात ते २०० च्या पुढे असते. नाचणीची आंबील, तिळाची चटणी, खसखस घातलेला पांढरा रस्सा हेही त्यातच धरा.

म्हणून दूध-दह्यानंतर चार तास थांबून गोळी घ्यावी आणि घेतल्यावर दोन तास दूध नको, दुधाचा चहासुद्धा नको. रात्रीचे जेवण नऊपर्यंत आटोपले असेल तर पहाटे पाचला साध्या पाण्यासोबत गोळी आणि सातनंतर चहा, हे आपल्याकडे सर्वांत सोपे जाते. कॅल्शियमच्या, लोहाच्या, मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या दुपारी घ्याव्यात. पाकिटावर नुसते '१-०-०' (सकाळी एक) लिहून भागत नाही. दुकानदारांनी वेळ लिहावी.

न सांगितल्यास काय होते? प्लेटलेट्स वाढत नाहीत, म्हणून डॉक्टर ५० ची मात्रा ७५ मिलिग्रॅम करतात. मग उपवासाने किंवा पोट बिघडल्याने दूध बंद होते आणि तीच मात्रा एकदम पूर्ण लागू पडते. ध्येय प्लेटलेट्स ५० हजारांच्या वर राहण्याचे असते, निरोगी माणसासारख्या पूर्ण दीड लाखाचे नव्हे. आकडा दोन लाखांच्या पुढे गेला की मात्रा कमी करतात, चार लाखांपुढे गोळी थांबवतात, कारण रक्तात गुठळ्या होण्याची भीती असते. मात्रा ठरेपर्यंत दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) आणि दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी, पुढे दोन्ही महिन्याला.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करणारेही आहेत. बंद केल्यावर प्लेटलेट्स कधीकधी आधीपेक्षाही खाली जातात. त्यामुळे डॉक्टरांनी थांबवली तरी पुढचे किमान चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी करावी, आणि त्या काळात दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये.

– एक औषधनिर्माता, कोल्हापूर