आमच्या गल्लीला पाटी लावा : नाशिकच्या आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : गल्ल्यांना पाट्या आणि घरांना सलग नंबर देण्याबाबत.

सन्माननीय आयुक्त,

मी सिडको वसाहतीत, पवननगरजवळ, कुरियरची एक छोटी शाखा चालवते. बारा वर्षं झाली. एक भाड्याचा गाळा, पार्सलं पोचवणारी सहा मुलं आणि त्यांच्या सहा दुचाक्या, एवढाच आमचा पसारा. पहाटे शटर वर जातं तेव्हा भिवंडीकडच्या गोदामांतून रात्री निघालेला माल नाशिकला येऊन पडलेला असतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली, हे कारण आता मला क्वचित ऐकावं लागतं. साडेसातपर्यंत आम्ही माल रूटप्रमाणे वेगळा करतो, आठला मुलं बॅगा भरून निघतात.

एका रात्रीत घाट चढून आलेलं पार्सल मग शाखेपासून दोन किलोमीटरवरच्या घरी पोचायला संध्याकाळ करतं. कधी दुसरा दिवस उजाडतो.

गिऱ्हाईक रागावतं आणि त्याचं चुकत नाही. वरून कंपनीचा फोन येतो की मुलं वाढवा, मुलांना हात चालवायला सांगा. मुलं वाढवून पाहिली, रूट बदलून पाहिले, सकाळची वेळ अर्ध्या तासानं पुढे आणली. थोडा फरक पडला. पण मुलांच्या मागे बसून मी स्वतः फिरले तेव्हा कळलं की वेळ गाडी चालवण्यात फारसा जातच नाही. गाडी कडेला लावायची, फोन कानाला लावायचा आणि विचारायचं, "काका, मंदिरासमोर उभा आहे, आता डावीकडे की उजवीकडे?" वेळ जातो तो इथे.

हिशेब साधा आहे. एका मुलाच्या बॅगेत ८० पार्सलं धरा. प्रत्येक घर शोधायला दोनच मिनिटं जादा गेली, तरी १६० मिनिटं होतात. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. या मुलांना पैसे पार्सलमागे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत. ते दोन तास चाळीस मिनिटं तो कुठून भरून काढतो? लाल दिवा दिसत असताना गाडी दामटून. उलट्या बाजूनं घुसून. दुपारचा डबा न उघडता. मी त्यांना रोज बजावते, पण पोटापुढे माझं बजावणं किती टिकणार? पार्सल लवकर पोचवायचं तर तो वेग या पोरांच्या जिवातून काढायला नको, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो पत्त्यातून निघतो आणि पत्ता महापालिकेच्या हातात आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते. एका आईनं तिच्या दम्याच्या मुलासाठी वाफ घ्यायचं यंत्र मागवलं होतं. पार्सल सकाळी आमच्याकडे आलं. पत्त्यात होतं : 'गणपती मंदिराजवळ, पाण्याच्या टाकीमागे, सिडको, नाशिक ४२२००९.' आमच्या रूटवर गणपतीची मंदिरं किती आहेत ते मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. बाईंचा फोन बंद. माझा मुलगा, म्हणजे आमच्याकडचा पोरगा, भर पावसात चाळीस मिनिटं फिरला आणि 'ग्राहक संपर्कात नाही' असा शेरा मारून पार्सल परत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला. पार्सल आलं त्याच्या आदल्या रात्री मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तिथे फोनची बॅटरी संपलेली. त्यांचं घर आमच्या गाळ्यापासून चालत पाच मिनिटांवर निघालं. मी स्वतः पार्सल घेऊन गेले. मूल बरं होतं, पण त्या माउलीच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या दारातच, वीज मीटरच्या खोक्यात, घरपट्टीचं बिल खोचलेलं होतं. त्यावर इंडेक्स नंबर, म्हणजे घरपट्टीच्या दप्तरातला त्या घराचा क्रमांक, होता. आयुक्त, त्या क्षणी मला जे वाटलं त्यासाठी हे सगळं पत्र आहे. महापालिकेला ते घर ठाऊक आहे. त्याचं क्षेत्रफळ, त्याची थकबाकी, नळजोडणी, सगळं दप्तरात आहे. फक्त घराच्या भिंतीवर आणि गल्लीच्या तोंडाशी त्यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सिडकोच्या योजनांमध्ये नंबर नाहीत असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. एन-४१, एन-४२ असे सेक्टर आहेत, त्यापुढे घराच्या प्रकाराची अक्षरं आणि आकडे आहेत. ज्यांनी ही घरं आखली त्यांच्या नकाशावर ते नीट बसत असतील. पण जमिनीवर एका ओळीच्या शेवटी नंबर संपतो आणि पुढचा तिसऱ्याच गल्लीत सुरू होतो. घरांवर मजले चढले, एका घराची दोन-तीन बिऱ्हाडं झाली, जुने आकडे रंगाखाली गेले. आज तो नंबर सांगणाराही विरळा आणि त्यावरून घर शोधणारा त्याहून विरळा. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, मखमलाबाद या बाजूच्या नव्या वस्त्यांत तर तेवढंही नाही. तिथे पत्ता म्हणजे प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर आणि बंगल्याचं नाव. सर्व्हे नंबर तलाठ्याला कळतो, दुचाकीवरच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

याउलट जुनं नाशिक. तिवंधा, डिंगरआळी, तांबट लेन, बोहरपट्टी, हुंडीवाला लेन. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी लांब ठेवून चालत जावं लागतं. तरी तिथला रूट करणारा माझ्या ओळखीचा मुलगा सांगतो की घर शोधायला त्याला वेळ लागत नाही. प्रत्येक गल्लीला नाव आहे, ते नाव सगळ्यांना माहीत आहे आणि ओट्यावर बसलेला कुणीतरी वाडा दाखवतो. मला यातून एवढंच उमगलं की रस्ता रुंद असला म्हणजे पत्ता सोपा होतो असं नाही. जुन्या गावात पत्ता माणसांच्या डोक्यात होता आणि माणसं तिथेच पिढ्यान् पिढ्या राहिली. आमच्या पोस्टमन काकांचंही तसंच. वर्षानुवर्षं एकच बीट केलेल्या माणसाला नुसतं आडनाव पुरतं. माझ्याकडची मुलं मात्र चार-सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. एक मुलगा गेला की त्याच्यासोबत अख्खा रूट जातो. नवा मुलगा पुन्हा पहिल्या मंदिरापासून सुरुवात करतो. म्हणून पत्ता आता भिंतीवर यायला हवा.

मोबाइलचा नकाशा आहे ना, असं सगळे विचारतात. आहे आणि त्याचा फार उपयोग होतो. पण गिऱ्हाईक ऑफिसात बसून ऑर्डर देतं तेव्हा खूण ऑफिसवर पडते. कधी ती मागच्या गल्लीत पडते आणि मधे भिंत असते. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला, तो मी मुद्दाम समजून घेतला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं साऱ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिलीय. फार मोलाचं काम आहे. पण तो चौकोन जमिनीवरचा आहे. एकावर एक असलेल्या सात मजल्यांच्या सात फ्लॅटचा डिजिपिन एकच. शिवाय दहा खुणा कुणी तोंडपाठ सांगत नाही. त्यामुळे डिजिपिन घराच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात असावा आणि वर माणसाला वाचता येईल असा ठळक नंबर असावा, असं मला वाटतं.

पिनकोडची आठवण इथे काढायलाच हवी. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं. संस्कृतचे कवी आणि दळणवळण मंत्रालयातले अधिकारी. एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते, हा गोंधळ त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. ते आकडे पार्सलाला टपाल कार्यालयाच्या हद्दीपर्यंत अचूक आणतात. ४२२००९ म्हटलं की सिडको, ४२२००३ म्हटलं की पंचवटी. हद्दीत आल्यावर पुढे घरापर्यंत न्यायचं काम शहरानं करायचं होतं. ते राहून गेलं.

नंबर कसे द्यावेत याबद्दल मी खूप विचार केला आहे, म्हणून धीर करून लिहिते. १८०५ मध्ये पॅरिसनं घरांना नंबर दिले तेव्हा सेन नदीला आधार मानलं. नदीकडून निघणाऱ्या रस्त्यावर नंबर नदीपाशी सुरू होतात आणि लांब जाताना वाढतात. एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. माणूस त्या गावात पहिल्यांदा आला असला तरी आकडा वाढतोय की घटतोय यावरून आपण कुठल्या दिशेनं चाललोय हे त्याला कळतं. आपल्याकडे तर गोदावरी आहे. नाशिककर तिला गंगाच म्हणतात आणि दिशा सांगताना 'गंगेकडे' म्हणायची आपली जुनी सवय आहे. प्रत्येक गल्लीचा आकडा गंगेच्या बाजूच्या तोंडापासून सुरू करावा. डावीकडे विषम, उजवीकडे सम.

आणि आकडा एक, दोन, तीन असा न देता मीटरमध्ये द्यावा. लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत असंच करतात. घर क्रमांक १२४ म्हणजे गल्लीच्या तोंडापासून साधारण १२४ मीटरवर, उजव्या हाताला. बंगला पाडून तिथे इमारत आली, एका प्लॉटचे दोन झाले, तरी मधले आकडे मोकळे असतात. नंबर बदलावे लागत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या मुलाला मान वर करून कळतं की गाडी अजून किती पुढे न्यायची.

गल्ल्यांच्या नावांचंही बघावं लागेल. शहराच्या सहा विभागांत मिळून एकच नाव अनेक कॉलन्यांना आहे. कुणाचीही श्रद्धा दुखावून नावं बदलू नयेत. नावापुढे विभागाचं अक्षर आणि एक आकडा जोडला तरी काम होईल. पाट्या मराठीत आणि आकडे मोठे, रात्री दुचाकीच्या उजेडात दिसतील असे असावेत. खांब कमी असतील तर कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर रंगवल्या तरी चालतील. नव्या इमारतीला भोगवटा दाखला देताना नंबरची पाटी लागली आहे का, एवढं बघितलं तर पुढचा प्रश्न तरी वाढायचा थांबेल. आणि हा नंबर घरपट्टीच्या बिलावर इंडेक्स नंबरच्या शेजारी छापावा, म्हणजे लोक तोच वापरू लागतील.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते, कारण त्या पत्त्याच्या या एका अडचणीपुढे लहान आहेत. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला गाडी दहा मिनिटं उभी करायला जागा हवी. पार्सल देऊन खाली येईपर्यंत टोइंगवाल्यांनी दुचाकी उचललेली असते आणि दंडात मुलाची दिवसाची कमाई जाते. रविवार कारंजा ते भद्रकाली या पट्ट्यात दुकानं उघडण्याआधीची सकाळ मालासाठी राखली, तर सगळ्यांनाच मोकळं होईल. महापालिकेचे जे गाळे रिकामे पडून आहेत, त्यांतला एखादा भागाभागात पार्सल ठेवण्या-नेण्यासाठी द्यावा. दिवसभर घराबाहेर असणारी नोकरदार माणसं संध्याकाळी घरी जाताना तिथून उचलतील आणि आमचे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेचे हेलपाटे वाचतील. भाडं आम्ही कुरियरवाले वर्गणी काढून भरू. सोसायट्यांना मात्र मी हात जोडून सांगते की मुलांना लिफ्ट बंद करू नका. सहाव्या मजल्यावर पायी चढणारा तो कुणाचातरी मुलगा आहे.

हे सगळं एखाद्याला चैनीच्या खरेदीचं दुखणं वाटेल. पण १०८ ची रुग्णवाहिका त्याच मंदिराजवळ उभी राहून तोच प्रश्न विचारते. अग्निशमनचा बंबही तसाच विचारतो. तिथे दोन मिनिटांची किंमत मी वेगळी सांगायला नको.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते होत आहेत, दिशादर्शक पाट्या लागणार आहेत. रामकुंडाकडे जाणाऱ्या भाविकाला वाट दाखवणं हे आपलं कर्तव्यच आहे. त्याच कामात, त्याच ठेक्यात आमच्या गल्ल्यांच्या पाट्याही घेतल्या तर वेगळी तजवीज लागणार नाही. नंतर म्हटलं तर पुन्हा बारा वर्षं कुणी याकडे बघणार नाही, ही मला भीती आहे.

माझ्याकडे दोन जाड वह्या आहेत. एकसारख्या नावाच्या गल्ल्या, जिथे पार्सल हमखास चुकतं ती वळणं, मुलांनी शोधलेल्या खुणा, सगळं त्यात बारा वर्षं लिहिलेलं आहे. त्या मी आपल्याकडे द्यायला तयार आहे. रविवारी दुपारनंतर आमची मुलंही मोकळी असतात. पवननगर, उत्तमनगर भागात आपले कर्मचारी टेप घेऊन आले, तर माझी सहाही मुलं त्यांच्याबरोबर गल्लीगल्लीनं चालतील. मोजायला, खडूनं खुणा करायला आणि दार उघडणाऱ्याला समजावून सांगायला. चहा माझ्याकडे. आपण फक्त रविवार कळवावा.

आपली,
एक कुरियर शाखाचालक,
पवननगर, सिडको, नाशिक ४२२००९